गल्लीतल्या गाण्याचा सातबारा

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत रहिवाशांसाठी एक सामाईक हॉल होता. सिंडी कॅम्पबेल या शाळकरी मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे उभे करायचे होते. तिने तो हॉल भाड्याने घेतला, कार्डांवर हाताने आमंत्रणं लिहिली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असं तिकीट लावलं आणि गाणी वाजवायला भावाला उभं केलं. हा भाऊ म्हणजे क्लाइव्ह कॅम्पबेल, पुढे डीजे कूल हर्क या नावाने जगाला माहीत झालेला. गाण्यात फक्त तालवाद्यं उरतात तो तुकडा आला की नाचणाऱ्यांना चेव येतो, हे त्याने हेरलं होतं. दोन टर्नटेबल वापरून तो तुकडाच तो लांबवत राहिला. हिप-हॉपचा जन्म याच रात्री झाला असं मानलं जातं.

नाव हर्कचं झालं आणि ते रास्तच आहे. पण जागा ठरवणं, तिकिटाचा दर ठरवणं, लोकांपर्यंत बातमी पोहोचवणं ही सगळी कामं सिंडीने केली नसती, तर त्या रात्री कुणी जमलंच नसतं. हिप-हॉपमध्ये कलाकार आणि उद्योजक पहिल्या दिवसापासून एकाच घरात राहत आले आहेत. महाराष्ट्रात आज रॅप लिहिणाऱ्या, बीट बनवणाऱ्या, भिंती रंगवणाऱ्या, ब्रेकिंगचा नाच करणाऱ्या मुलामुलींना कलेचे धडे मोबाइलवर हवे तेवढे मिळतात. आपल्या कामाची मालकी कशी राखायची आणि त्यातून चार पैसे कसे उभे करायचे, हे मात्र फार थोड्यांना कुणी समजावून सांगतं. त्याची किंमत ती मुलं मोजतात, आणि ती मोठी असते.

किती मोठी, ते रॅपर ग्रँडमास्टर कॅझच्या वाट्याला आलेल्या प्रसंगावरून कळतं. १९७९ साली सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी न्यू जर्सीत शुगरहिल गँग नावाचा गट जमवला आणि ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी काढली. रॅपला घराघरांत नेणारं हे पहिलं गाणं. गटातल्या बिग बँक हँकने म्हटलेल्या ओळींपैकी बऱ्याच ओळी कॅझच्या वहीतल्या होत्या. वही मैत्रीखातर दिली होती, कागद झाला नव्हता. ओळी इतक्या जशाच्या तशा उचलल्या गेल्या, की कॅझने स्वतःचं टोपणनाव गुंफलेली ओळसुद्धा हँकच्या तोंडी राहून गेली. गाणं जगभर गाजलं. कॅझला ना श्रेय मिळालं, ना पैसा. त्याच गाण्याची चाल शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’वर बेतलेली होती. शीकच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याची भाषा केली, तेव्हा त्यांची नावं गीतकार-संगीतकार म्हणून लागली. एकाच गाण्यात दोन घरांचा माल होता. ज्यांच्याकडे कागद होते, त्यांना हिस्सा मिळाला.

मुंबईतल्या हिप-हॉपची सुरुवात ब्रॉन्क्सहून वेगळ्या साधनांनी झाली, पण तितक्याच अपुऱ्या साधनांनी. कुर्ल्याच्या नावेद शेख म्हणजे नेझी या रॅपरने २०१४ च्या सुरुवातीला ‘आफत’ हे गाणं काढलं. आवाज आयपॅडवर रेकॉर्ड केलेला, व्हिडिओही त्याच आयपॅडवर आपल्याच वस्तीत चित्रित केलेला. अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरचा व्हिव्हियन फर्नांडिस म्हणजे डिव्हाइन ‘ये मेरा बॉम्बे’मुळे २०१३ पासूनच ओळखीचा झाला होता. २०१५ साली दोघांचं ‘मेरे गली में’ आलं. नेझीच्या कुर्ल्याचा पिन कोड ४०० ०७०, डिव्हाइनच्या भागाचा ४०० ०५९. यातले ‘७०’ आणि ‘५९’ हे आकडेच त्यांच्या चाहत्यांसाठी ओळखीची खूण झाले. १४ फेब्रुवारी २०१९ ला झोया अख्तरचा ‘गली बॉय’ या दोघांच्या आयुष्यावरून स्फूर्ती घेऊन पडद्यावर आला. त्यानंतर मोठ्या कंपन्या, जाहिरातदार, वेब मालिका सगळ्यांनाच रॅपर हवा झाला.

त्या वर्षी डिव्हाइनने काय केलं, हे इथे जास्त महत्त्वाचं. त्याने ‘गली गँग एंटरटेनमेंट’ ही स्वतःची कंपनी काढली. अमेरिकी रॅपर नासच्या ‘मास अपील’ या कंपनीने युनिव्हर्सल म्युझिक इंडियाबरोबर भारतात पाऊल ठेवलं, तेव्हा त्यांच्याशी जोडला गेलेला पहिला कलाकार तोच होता. म्हणजे मोठ्या कंपनीशी हातमिळवणी आहे, पण स्वतःचं घरही बांधलेलं आहे. लेबल वाईट आणि स्वतंत्र राहणं चांगलं, असा सरसकट निवाडा उपयोगाचा नाही. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रकाशित केलं आणि जिथे कुणाला मराठीचा गंध नाही अशा क्लबांमध्ये ते वाजलं. अशा लेबलची पोहोच एकट्या कलाकाराला सहजी जमणारी नाही. प्रश्न एवढाच, की त्या पोहोचेच्या बदल्यात कलाकार काय देतो, किती काळासाठी देतो आणि हे त्याला सही करताना ठाऊक असतं का.

म्हणून आधी एका गाण्यात मालमत्ता किती असतात ते समजून घ्यावं. शब्द ही एक मालमत्ता. चाल आणि बीट म्हणजे संगीत, ही दुसरी. आणि स्टुडिओत तयार झालेलं ध्वनिमुद्रण, ज्याला सगळे ‘मास्टर’ म्हणतात, ती तिसरी. भारतीय कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या अधिनियमात, ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून निर्मात्याला धरतात. निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन ते करवून घेण्याची जबाबदारी उचलली तो. त्यामुळे ‘भाई, स्टुडिओचं मी बघतो, तू फक्त गा’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं, तरी त्यातून मास्टर कुणाचं हा प्रश्न उभा राहतोच. तो त्याच दिवशी सोडवावा.

त्यासाठी वकील लागत नाही, एक पान पुरतं. रात्री दोन वाजता रेकॉर्डिंग संपतं, सगळे चहाला निघतात, त्याच्या आधी हे पान भरावं. वर गाण्याचं नाव आणि तारीख. खाली प्रत्येकाचं खरं नाव, रंगमंचावरचं नाव आणि काम. समजा, दोन रॅपरनी एकेक व्हर्स लिहिली, तिसऱ्या मित्राने हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, सुचवला आणि चौथ्याने बीट बनवली. शब्दांचे १०० टक्के तिघांत कसे वाटायचे, संगीताचे १०० टक्के पूर्ण चौथ्याचे की हुकची चाल देणाऱ्यालाही त्यात काही, मास्टरमध्ये कुणाचा किती वाटा, असे तीन स्वतंत्र रकाने करावेत. मिक्सिंग करणाऱ्या इंजिनिअरला ठरलेली फी मिळाली आणि त्याचा पुढे हिस्सा नाही, असं ठरलं असेल तर तेही लिहावं. सगळ्यांनी सही करावी, फोटो काढून ग्रुपवर टाकावा. जगभर याला स्प्लिट शीट म्हणतात. शेतकऱ्याला सातबाऱ्याचं जे मोल, तेच गाणं करणाऱ्यांना या पानाचं. दोस्तीत कागद कशाला, असं म्हणणारा एक जण प्रत्येक क्रूमध्ये असतो. गाण्याला पाचशे व्ह्यूज असताना हा कागद दहा मिनिटांत होतो. पन्नास लाख झाल्यावर तोच कागद करायला बसलं, तर क्रू फुटतात.

लेबलचा करार समोर आला की काही ठिकाणं बोट ठेवून वाचावीत. हक्क कायमचे देतोय की ठरावीक वर्षांसाठी? भारतापुरते की साऱ्या जगासाठी? एका गाण्याचे की पुढच्या पाच वर्षांत जे काही लिहिलं जाईल त्या सगळ्याचे? कायदा इथे कलाकाराच्या बाजूने बराच उभा आहे. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावाच लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ज्याला हक्क दिले त्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही म्हटलं नसल्यास ते परत येतात. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट पक्की केली. गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा मिळण्याचा हक्क सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेकडे जाऊ शकतो. रॅपर स्वतःच्या ओळी स्वतः लिहितो, म्हणजे तो गीतकार आहे. असं असूनही अनेक जण इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे आयपीआरएसचे, सभासद होत नाहीत. गाणं रेडिओवर, टीव्हीवर, स्ट्रीमिंगवर, कार्यक्रमात वाजलं की गीतकार-संगीतकारांच्या वाट्याची रक्कम ही संस्था गोळा करते. सभासद नसलेल्यापर्यंत ती पोहोचायची कशी?

कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कृती निर्माण झाली की हक्क निर्माण होतो. पण वाद झालाच तर नोंदणी पुरावा म्हणून कामी येते. शब्दांसाठी किंवा संगीतासाठी सरकारी शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये.

बीटची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी, कारण सर्वाधिक मुलं इथेच अडकतात. यूट्यूबवर ‘टाइप बीट’ शोधायची, आवडली की डाउनलोड करायची आणि वर व्हर्स चढवायची, ही सर्रास पद्धत. बीट फुकट असली तरी बहुधा ती फक्त सरावासाठी किंवा पैसे न कमावण्याच्या अटीवर फुकट असते. पैसे मोजून घेतली तरी स्वस्तातला परवाना ‘लीज’ असतो: तीच बीट आणखी पन्नास जण वापरू शकतात आणि ठरावीक स्ट्रीम्स ओलांडल्यावर नवा परवाना घ्यावा लागतो. परवान्याची पीडीएफ जपून ठेवावी आणि बीटमध्ये सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा, आहे का ते विचारावं.

का विचारावं, ते लिल नास एक्स या अमेरिकी रॅपरच्या गाण्यात दिसतं. ‘ओल्ड टाउन रोड’ची बीट त्याने यंगकिओ या डच निर्मात्याकडून ऑनलाइन ३० डॉलरला घेतली होती. त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडचा तुकडा होता. २०१९ मध्ये गाणं सलग १९ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि त्याआधी त्या तुकड्याच्या हक्काचा प्रश्न रीतसर मिटवावा लागला. त्या बँडच्या ट्रेंट रेझ्नर आणि ॲटिकस रॉस यांची नावं श्रेयात आली. मिटलं, कारण मिटवायला मोठी कंपनी मागे होती. डे ला सोल या गटाला तशी सुटका मिळाली नाही. त्यांचा १९८९ चा पहिला अल्बम सॅम्पल्सच्या करामतीसाठी ओळखला जातो. पण जुन्या करारांत आणि परवान्यांत डिजिटल विक्रीचा विचारच नव्हता, त्यामुळे त्यांचं गाजलेलं काम मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकलं नाही. तोवर एक अख्खी पिढी त्यांना ऐकल्याशिवाय मोठी झाली. त्या गटातला ट्रुगॉय हा कलाकार ते काम स्ट्रीमिंगवर येण्याच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारीत वारला. जुन्या लावणीचा, तमाशाच्या ढोलकीचा किंवा हिंदी सिनेगीताचा तुकडा बीटमध्ये घेण्याचा मोह मराठी निर्मात्यांना होतो आणि तो फार चांगला मोह आहे. त्यावर उपाय सोपा: एखादा ढोलकीवादक गाठावा, त्याला मानधन द्यावं आणि तो ठेका नव्याने रेकॉर्ड करावा. पारंपरिक ठेक्यावर कुणाची मालकी नसते. जुन्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणावर असू शकते.

मालकीचा हाच प्रश्न हिप-हॉपच्या कपड्यांतही येतो. हार्लेममध्ये १२५ व्या रस्त्यावर डॅनियल डे, म्हणजे डॅपर डॅन यांनी १९८२ मध्ये दुकान थाटलं. चोवीस तास उघडं. बड्या फॅशन घराण्यांची दुकानं कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला धड उभं करत नसत, अशा काळात त्यांनी त्याच घराण्यांची बोधचिन्हं चामड्यावर छापण्याचं तंत्र स्वतः शोधलं आणि घराण्यांनी कधी शिवली नाहीत अशी जॅकेटं शिवली. एलएल कूल जे, एरिक बी आणि रकीम, मुष्टियोद्धा माइक टायसन असे सगळे तिथे येत. शिवण त्यांची, कल्पना त्यांची, पण छाप दुसऱ्याची. कंपन्यांच्या कायदेशीर कारवाया आणि छापे यांनी १९९२ मध्ये दुकान बंद पाडलं. पंचवीस वर्षांनी, २०१७ मध्ये, गुची या फॅशन घराण्याच्या एका प्रदर्शनात डॅनच्या जुन्या जॅकेटाशी कमालीचं साधर्म्य असलेलं जॅकेट आलं. लोकांनी जाब विचारला, आणि गुचीला डॅनबरोबर भागीदारी करावी लागली. २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्यांचं शिवणघर पुन्हा सुरू झालं. हा न्याय उशिरा का होईना झाला, पण मधली पंचवीस वर्षं कुणी परत देत नाही. डॅनचं दुकान बंद पडलं त्याच वर्षी, १९९२ साली, क्वीन्समधल्या डेमंड जॉन या तरुणाने टोप्या शिवून दहा डॉलरला विकायला सुरुवात केली. आईने शिवण शिकवली, पुढे घर गहाण ठेवून भांडवल दिलं आणि त्याच घरात यंत्रं मांडली. टोपीवर नाव मात्र स्वतःचं होतं: फुबू.

मराठी क्रूने टी-शर्ट काढायचे ठरवले तर पहिला धडा इथून घ्यावा. सिनेमातला चेहरा, परदेशी कंपनीचं चिन्ह, दुसऱ्याचं छायाचित्र छापू नये. स्वतःचं नाव ठरवताना ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्यावा, तो फुकट घेता येतो. नोंदणी वर्गवार होते: कार्यक्रम आणि मनोरंजनासाठी ४१ वा वर्ग, कपड्यांसाठी २५ वा. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क पडतं आणि नोंदणी १० वर्षं टिकते. दोन्ही वर्गांचे पैसे एकदम नसतील तर जिथून आधी कमाई होणार आहे तो वर्ग आधी घ्यावा.

हिशेबही मांडावा. समजा, १०० टी-शर्ट प्रत्येकी २५० रुपयांना छापून आले, म्हणजे २५,००० रुपये गेले. किंमत ५९९ ठेवली. कागदावर नफा ३४,९०० दिसतो. प्रत्यक्षात ‘एल’ आणि ‘एक्सएल’ पहिल्या आठवड्यात संपतात, ‘एस’ आणि ‘डबल एक्सएल’चा गठ्ठा पलंगाखाली पडून राहतो, दहा-बारा मित्रांना फुकट जातात. ७० विकले गेले तर हातात ४१,९३० येतात. छपाई वजा जाता १६,९३०, त्यातून कुरिअर आणि फोटोशूट. म्हणून पहिल्या खेपेला आगाऊ नोंदणी घेऊन तेवढेच छापावेत. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी बनते, तेव्हा थोड्या नगांसाठी एक किंवा दोन रंगांचं डिझाइन परवडतं. लॉस एंजेलिसचा रॅपर निप्सी हसल याने २०१३ मध्ये उलटा मार्ग धरला होता. ‘क्रेनशॉ’ ही मिक्सटेप इंटरनेटवर फुकट होतीच, पण तिच्या १,००० सीडी त्याने १०० डॉलरला एक अशा विकायला काढल्या आणि एका दिवसात संपवल्या. ते त्याला जमलं, कारण त्याच्या वस्तीतली माणसं आधीपासून त्याच्याबरोबर होती. चाहता तयार नसताना महाग वस्तू काढणं मात्र पदरमोडच ठरते.

कार्यक्रमाच्या पैशांबद्दल थोडक्यात. अर्धं मानधन आगाऊ घ्यावं, उरलेलं मंचावर चढण्याआधी. मॉनिटर, माइक, ध्वनितपासणीची वेळ हे ईमेलवर लिहून पाठवावं. आयोजक १० टक्के टीडीएस कापतो, आणि आयकर विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत मिळत नाही. दरवर्षी ही रक्कम सोडून देणारे कलाकार खूप आहेत. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. आणि स्वतः जॅम किंवा सायफर, म्हणजे गोल करून रॅप करण्याची मैफल, भरवायची असेल तर पोलिसांची परवानगी आधी, पोस्टर नंतर: रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही.

मंचावर न चढणाऱ्यांनाही या जगात मोठी जागा आहे. धारावीत २०१५ पासून ‘द धारावी ड्रीम प्रोजेक्ट’ वस्तीतल्या मुलांना रॅप, बीटबॉक्सिंग, ब्रेकिंग, ग्राफिटी विनामूल्य शिकवतो. तिथे शिकवणाऱ्या, व्यवस्था बघणाऱ्या, चित्रण करणाऱ्या प्रत्येकाचं काम हे संस्कृती घडवणंच आहे. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या बहुभाषिक गटाने २०१९ मध्ये आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. जमिनीच्या प्रश्नावरचं ते गाणं मुंबईबाहेर दूरवर ऐकलं गेलं. आपल्या तालुक्यातलं, आपल्या बोलीतलं काही सांगायला घाबरू नये, हे त्यातून दिसतं.

राहिल्या भिंती. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे, त्यामुळे मालकाच्या लेखी संमतीशिवाय रंग उघडू नये. संमती मिळाली की शहर केवढा कॅनव्हास देतं, ते वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये साकारलेल्या दादासाहेब फाळक्यांनी दाखवलं आणि २०१७ मध्ये ससून डॉकच्या गोदामांत भरलेल्या कलाप्रकल्पानेही. चित्र झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र बहुतेक चित्रकार विचारतच नाहीत. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य ब्राँझ म्युरल १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं आणि त्याची नासधूस झाली. त्यांनी सरकारला न्यायालयात खेचलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्युरल त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. विकलेल्या कृतीवरही कलाकाराचा नैतिक हक्क उरतो, कायद्याच्या ५७ व्या कलमाचा हा अर्थ तिथे ठामपणे मांडला गेला. तिकडे न्यूयॉर्कमध्ये ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या इमारतीवरची ग्राफिटी मालकाने २०१३ मध्ये एका रात्रीत पांढऱ्या रंगाने पुसली. २१ कलाकारांना २०१८ मध्ये साधारण ६७ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली.

तेव्हा भिंत घेताना संमतीपत्रात आणखी तीन ओळी घालून घ्याव्यात: चित्र किमान किती काळ ठेवणार, त्यावर रंग मारायचा झाल्यास किती दिवस आधी कळवणार, आणि जाहिरातीत किंवा चित्रीकरणात ते वापरलं तर चित्रकाराला काय मिळणार. काम पूर्ण झालं की दिवसाउजेडी, समोरून, मापासाठी शेजारी माणूस उभा करून फोटो काढावेत आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात नाव आणि साल लिहावं.